गंगव्वाच्या खाटेशेजारची खुर्ची

मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. हुबळीच्या एका सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात माझे आयुष्य गेले.

मित्रांनो, माझा जन्म बाजारातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. पहिली बरीच वर्षे सुखाची होती. कुबसद डॉक्टरीणबाई माझ्यावर बसत. आधी म्हशीची, सुनेची चौकशी करत, मग दुखण्याची. नवऱ्यापासून लपवलेलेही बायका त्यांना सांगून मोकळ्या होत. बाईंच्या हाताला गुण आहे, असे लोक म्हणत. मी म्हणते, गुण कानांना होता.

बाई निवृत्त झाल्या आणि अंगडी डॉक्टर आले. सुवर्णपदकवाले, कष्टाळू, पण नाकावर राग. राउंड उभ्या उभ्याच व्हायचा. अडचण होते म्हणून त्यांनी मला मिटून भिंतीशी ठेवायला लावले. एकदा काविळीच्या एका बाईने वैदूचा पाला घेतल्याचे कबूल केले. डॉक्टरांनी साऱ्या वॉर्डासमोर तिची खरडपट्टी काढली.

"पाल्यानंच बरी होणार असशील तर इथं कशाला आलीस? जा, झाडाखाली जाऊन झोप."

शेजारच्या खाटेवर गंगव्वा होती. तिलाही कावीळच. तिने तोंडाला कुलूप लावले. तिचा लेक फकीरप्पा मोठ्या विश्वासाने वैदूकडचा रस आणायचा आणि ती पदराआड प्यायची. दिवसेंदिवस ती पिवळी पडत गेली. डॉक्टर औषधे बदलत, पुन्हा पुन्हा रक्त तपासत, स्वतःचा जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेत. मला सगळे दिसत होते. जीव तुटत होता, पण खुर्चीला कुठे वाचा असते?

एका दुपारी डॉक्टर एकटेच गंगव्वाच्या खाटेशी आले. त्यांनी मला उघडले आणि ते बसले.

"अव्वा, माझं काय चुकतंय तेच कळेना झालंय."

गंगव्वाने गादीखालची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"आधी का नाही सांगितलंस?"

"भ्याले, यप्पा. मरणाला नाही, तुझ्या तोंडाला."

ते रागावले नाहीत. रस बंद केला, मोठमोठ्या डॉक्टरांना फोन केले, जिवाचे रान केले. पण यकृत पार निकामी झाले होते. गंगव्वा गेली.

फकीरप्पा खालमानेने आला. म्हणाला, "साहेब, माझ्या रसानं गेली का ती?"

डॉक्टरांनी त्याला माझ्यावर बसवले आणि स्वतः त्याच्यासमोर फरशीवर बसले.

"तू आईसाठी धावलास. नीट विचारायचं काम माझं होतं, फकीरप्पा. ते मी केलं नाही."

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या डॉक्टर होतील. मला रंग लावला नाहीत तरी चालेल, गंज मी सोसेन. पण आजाऱ्याशेजारी घटकाभर बसा. त्याला तुमची भीती वाटू देऊ नका.