गुळाच्या राखणीला सुभेदार

चोवीस वर्षं लष्करात काढून नानासो सुभेदार शहात्तरच्या दसऱ्याला मलकापूरजवळच्या आपल्या गावी परतले. घर, ऊस, चार म्हशी आणि बायको आपलीच वाट बघत असणार, असा त्यांचा समज होता. वाट कुणीच बघत नव्हतं. चोवीस वर्षं हरणाबाईनं एकटीनं ऊस लावला, तोडला, दोन पोरी उजवल्या, विहिरीवर मोटार बसवली. सुभेदार वर्षातून दोन महिने रजेवर यायचे, मटण खायचे आणि जायचे.

आता ते जायचं नाव घेईनात. पहाटे उठून गड्यांची हजेरी घेऊ लागले. म्हशी उंचीप्रमाणे ओळीत बांधायला लावल्या, तर त्यातली एक आटली. हरणाबाईनं महिनाभर सोसलं आणि मग सांगलीच्या बाळगोंडा पाटलांकडे निरोप धाडला. बाळगोंडा गुळाचे व्यापारी. त्यांचा गूळ जयगडहून शिडाच्या गलबतातून काठेवाडला जायचा आणि वाटेत दर खेपेला चार-दोन ढेपा खलाशांच्या पोटात जायच्या. त्यांना भरवशाचा माणूस हवाच होता.

"आवं, जरा दर्या बघून या," हरणाबाई म्हणाली. "निस्तं ढेपांवर बसायचं हाय. वर हुकूम सोडायला खलाशी हायतीच."

आपल्याला गोड बोलून घराबाहेर काढलं जातंय हे न कळायला सुभेदार काही खुळे नव्हते. त्यांना फार लागलं. पण आपल्यावाचून घर अडतं का नाही ते एकदा कळू दे, म्हणून ट्रंक उचलून ते निघाले.

जयगडला एक खलाशी कावीळ होऊन उतरला होता. गलबताचा तांडेल तिशीतला, किडकिडीत, लुंगी नेसलेला अनवाणी माणूस. सगळं गलबत त्याच्या ताब्यात, पण बघून कुणाला खरं वाटलं नसतं. त्यानं सुभेदारांच्या मिशांकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"बसून खाणारं माणूस मी नेत नाय," तो म्हणाला. "गुळाबरोबर यायचं तर दोराला हात लावावा लागेल. बूट काढा."

अशा रीतीनं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सुभेदार गलबतावरचे सगळ्यात कच्चे खलाशी झाले.

पहिले दोन दिवस ते नुसते ओकले. तिसऱ्या दिवशी उठले आणि शिकायला लागले. कच्च्या गड्याची कामं ठरलेली: तळात झिरपलेलं पाणी उपसायचं, भात शिजवायचा, शीड चढवताना दोर ओढायचा. अंगात रग होती, ओढण्यात ते कमी पडले नाहीत. पण सुकाणू हाती दिलं तेव्हा बैलाच्या कासऱ्याच्या सवयीनं, उजवीकडे वळायचं म्हणून त्यांनी दांडा उजवीकडे ओढला. गलबत डावीकडे गेलं. सुभेदारांनी गलबताला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. खलाशी हसून लोळले.

खरी अडचण वेगळीच होती. तांडेल हुकूमच देत नसे. आभाळाकडे बघायचा, हनुवटी हलवायचा, तेवढ्यावर सगळे धावायचे. सुभेदार ताठ उभे राहून शब्दाची वाट बघायचे, तोवर काम उरकलेलं असायचं. असली बेशिस्त त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी तांडेलानं शिडाचा दोर त्यांच्या हाती दिला. "घट्ट धरा."

अखेर हुकूम मिळाला! सुभेदारांनी मनगटाला वेढा देऊन दोर धरला. घटकाभरात वारा फिरला आणि दाणकन शिडात घुसला. गलबत एका कुशीवर कललं, काठावरून पाणी आत आलं. खलाशी बोंबलले, "सोडा! सोडा!" पण खलाशांचं कोण ऐकतो? ज्यानं धरायला सांगितलं त्यानं सोडायला सांगितलं नव्हतं, आणि तो तर पलीकडे सुकाणूला लोंबकळत होता. तळव्यांची सालं निघाली, रक्त आलं, तरी पठ्ठ्यानं दोर सोडला नाही. शेवटी एकानं धावत येऊन कोयत्यानं दोर तोडला. शीड फडफडत मोकळं झालं आणि गलबत हळूहळू सरळ झालं. गुळाच्या अकरा ढेपा समुद्रानं गिळल्या होत्या.

सुभेदार रक्ताळलेले हात पुढे करून उभे राहिले. त्यांना शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोला!

तांडेलानं तळव्यांना तेल-हळद लावली. "धरायला कोण पण शिकतं," तो म्हणाला. "कधी सोडायचा ते मी नाय सांगणार. शिडाकडं बघायचं."

"आन न्हाई कळलं तर?"

"तोंड मिटून बघायचं. मग कळतं."

आपल्या इमानदारीपायी आठजणांचा जीव गेला असता, हे सुभेदारांच्या तेव्हा ध्यानात आलं आणि ते घाबरले. सगळ्या नोकरीत घाबरले नव्हते इतके. परतीच्या वाटेवर ते तोंड मिटून बघत राहिले. जयगडच्या खाडीत शिरताना त्यांनी कुणी न सांगता दोर सैल सोडला. तांडेलानं हनुवटी हलवली. त्या हनुवटीनं त्यांना इतका आनंद झाला की त्याची त्यांनाच लाज वाटली.

घरी पोचले तेव्हा हरणाबाई उसाला पाणी पाजत होती. सुभेदारांनी ट्रंक बांधावर ठेवली, बूट काढले, खोरं घेतलं आणि दारं धरायला उभे राहिले. एक सरी भरत आली की मातीचं दार मोडून पाणी पुढच्या सरीला लावायचं. दोन सऱ्या त्यांच्या हातून फुटल्या, तिसरी बरी भरली. दुपारभर ना हुकूम, ना शिवी. हरणाबाई चोरून बघत होती.

"आजारी हायसा का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

भाकरी सोडताना ती खुशीत आली. "लय गुण आला की वं दर्याचा! बाळगोंडा अण्णांचा माणूस येऊन गेला. फुडली खेप पुनवंला हाय. म्या लाडू बांधाय घेतल्यात."

सुभेदारांनी हातातला घास खाली ठेवला. रान त्यांच्या नावावर, विहीर त्यांच्या नावावर. 'न्हाई जाणार' म्हणायचा अवकाश, अडवायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी हरणाबाईच्या तोंडाकडे बघितलं.

"म्या ऱ्हाऊ का हितं?" त्यांनी विचारलं.

हरणाबाईचा हात थांबला. असलं काही तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले तसा तिनं पदर तोंडावरून फिरवला.

"उंद्या सकाळी मोटार तुमीच सुरू करा," ती म्हणाली. "पाणी बी तुमीच पाजा. म्या जरा उशिरा उठीन."