उजवीकडचा चेंडू

चेंडू उजवीकडे गेला, हे मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलं. पडद्याचं कापड उजव्या कडेला धप्पकन हललं. पण पडद्यावरच्या चित्रात मात्र चेंडू हिरवळीवरून नाकासमोर गेला आणि झेंड्याशेजारी जाऊन थांबला.

"वा बाबा," मागे खुर्चीत बसलेली मुलगी म्हणाली. "आजही सगळे सरळ."

मास्तरांची नजर पडद्याच्या उजव्या कडेवरच होती.

त्यांचा अख्खा जन्म गोल्फच्या मैदानावर नवशिक्यांना धड उभं राहायला शिकवण्यात गेला होता. चेंडू वाकडा गेला की भल्याभल्या साहेबांना ते तोंडावर सांगत, वाऱ्याला कशाला नावं ठेवता, पाय बघा आपले. खोटं कौतुक त्यांना कधी जमलंच नाही आणि त्यापायी कितीतरी शिष्य तुटले. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू सावरली, पण अर्धीमुर्धीच. हात गोल्फच्या काठीमागून उशिरा पोचायचा आणि चेंडू उजवीकडे पळायचा. मैदान सुटलं. मुलीने गाडी बाहेर रस्त्यावर काढली आणि गॅरेजमध्ये हे यंत्र बसवलं: समोर पडदा, खाली चटई आणि चेंडूशेजारी एक लहानसं खोकं. चेंडू कुठे निघाला ते खोकं टिपणार आणि पडदा दाखवणार. सुरुवातीला चेंडू रोज झाडीत जात. मग अलीकडे एकाएकी सरळ जायला लागले आणि मास्तरांना दोन घास जास्त जाऊ लागले.

"सुतळी आण," ते म्हणाले. "आणि गुण्या."

"आत्ता कशाला? दमलात तुम्ही. चहा टाकते."

"आण म्हटलं ना."

पडद्याच्या मध्यापासून चेंडूपर्यंत त्यांनी मुलीला सुतळी ताणायला लावली. खोक्याची कड त्या सुतळीला समांतर हवी. गुण्या लावून पाहिला, तर खोकं चांगलंच तिरकं बसलेलं. उजवीकडे गेलेल्या चेंडूलाच ते सरळ म्हणत होतं.

"पाय लागला असेल झाडताना," मुलगी म्हणाली.

"पाय लागला आणि खाली नवी चिकटपट्टीही लागली?"

ती म्हणाली, "मी फिरवलं. तुम्ही भरल्या ताटावरून उठत होतात बाबा. मला बघवत नव्हतं."

"बघवत नव्हतं तर तू डोळे मिटायचे होतेस. मला कशाला आंधळं केलंस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच ना?"

"बरं?" मास्तरांचा आवाज चढला. "मला वाटलं, हात परत येतोय. काल मैदानावर फोन करून सांगितलं मी, पुढच्या आठवड्यापासून शिकवायला येतो म्हणून. तिथे सगळ्यांसमोर उभा राहिलो असतो मी. तिथे कोण खोकं फिरवणार होतं?"

हे तिला ठाऊक नव्हतं. तिने तोंडावर हात ठेवला.

"काढ ती पट्टी," मास्तर म्हणाले.

तिने नखाने पट्टी खरवडून काढली, खोकं सुतळीला लावून नीट बसवलं. मास्तरांनी स्वतः गुण्या धरून खात्री केली, मग सुतळी गुंडाळायला लावली. त्यांना वाकणं जमत नसे, म्हणून चेंडू तिनेच ठेवला. त्यांनी पाय जुळवले, खांदे जुळवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून काठी फिरवली. पडद्यावर चेंडू वळत वळत उजवीकडच्या झाडीत शिरला.

"फोन लाव मैदानावर."

"बाबा, मी सांगते त्यांना. तब्येतीचं काहीतरी सांगते."

"लाव."

तिने नंबर लावून फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. मास्तर काठी टेकून ताठ उभे राहिले.

"हां, मास्तर बोलतोय. काल म्हणालो होतो, येतो म्हणून. ते नाही जमायचं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नाही, तब्येत उत्तम आहे. चेंडू उजवीकडे जातो माझा."