स्टेथोस्कोपने धरलेला डूख

मित्रांनो, मी जुना झालो असलो तरी बहिरा झालेलो नाही. सोनपेठच्या एका दवाखान्यातला स्टेथोस्कोप मी. डॉक्टर मैत्रेयीबाईंनी शिकत असताना मला विकत घेतलं, तेव्हापासून बावीस वर्षं मी लोकांच्या छातीला लागतो आहे. माझी नळी दोनदा बदलली, स्वभाव मात्र तापटच राहिला.

गेल्या वेचणीच्या दिवसांत दगडाबाई आपल्या लेकीला, रुख्मिणीला, घेऊन आली. कापूस वेचताना पोरीला साप चावला होता. घोट्याला सुतळी करकचून आवळलेली, पाऊल काळंनिळं पडलेलं. दगडाबाईच्या हातात शाळेत वाटलेलं चित्रकथेचं पुस्तक होतं.

"ह्यात बघूनच बांदलं की, बाई. दोरी बांदल्यावर इख चढत न्हाई म्हून लिव्हलंय. लय येळ तशीच बसवली लेकराला."

पुस्तक शाळेतल्या चित्रकलेच्या बन्सीधर मास्तरांनी काढलेलं. त्यांचा डॉक्टर दोरी आवळतो, तोंडाने विष चोखून थुंकतो आणि पुढच्याच चौकटीत रोगी पळायला लागतो! माझी तर पुरती अब्रू काढलेली. टोकं डॉक्टरच्या कानांबाहेर आणि चकती रोग्याच्या उजव्या खांद्यावर.

रुख्मिणी वाचली, पण पायाची दोन बोटं कापावी लागली. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते मी ऐकलं आहे. साप डूख धरतो म्हणतात, ते खोटं. डूख मी धरला.

आणि परवा मास्तर स्वतःच छाती धरून आले. बाईंनी मला गळ्यात अडकवलं, कानांत घातलंच नाही, आणि चकती त्यांच्या उजव्या खांद्यावर टेकवली.

"झकास आहे. जा घरी."

"अहो बाई, कानात तरी घाला! जीव जायलाय माझा!"

"तुमच्या पुस्तकात असंच आहे, मास्तर."

मास्तर पांढरेफटक पडले. माझ्या नळीत नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग बाईंनी नीट तपासलं. पित्त निघालं. खरं सांगतो, मला थोडं वाईटच वाटलं.

पण बाईंचा राग माझ्याहून पक्का. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुख्मिणीला बोलावलं आणि मास्तरांना तिच्यासमोर बसवून ते पान नव्याने काढायला लावलं. मास्तरांनी मान खाली घालून पाऊल काढलं, पाच बोटांचं. रुख्मिणीने कागद पाहिला आणि खोडरबर त्यांच्यापुढे सरकवलं.

"दोन खोडा, मास्तर. जेवढी हायेत तेवढीच काढा."

मास्तर खोडत होते आणि कागद ओला होत होता. त्या दिवशी माझा डूख फिटला.

मित्रांनो, साप चावला तर दोरी नका शोधू, गाडी शोधा. आणि कुणाचं दुखणं चित्रात काढणार असाल, तर आधी विचारून घ्या. मी इथेच खुंटीवर आहे.