नेईल त्याचं चाक

रागावलेला माणूस नफ्यातोट्याचा विचार करत नाही, असं म्हणतात. साफ खोटं आहे. त्या सकाळी थोरली सायकल घेऊन निघाली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, तरी या फेरीतून आपल्या पदरात काय पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुकान नव्हे. दुकान कुणी ताटात वाढून दिलं असतं तरी तिने दोनदा विचार केला असता. पुढे शटर, मागे एक कोंदट खोली, आणि छपराला एक ओला डाग, ज्याच्याकडे घरातले सगळे नको असलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघून न बघितल्यासारखं करत. तिला हवं होतं ते खिडकीजवळचं स्टूल. स्टुलासमोर लोखंडी घोडी होती. घोडीवर चाक चढवायचं, फिरवायचं, कुठे डुलतंय ते हेरून तिथले स्पोक आवळायचे किंवा सैल करायचे. याला दुकानात आऊट काढणं म्हणत. त्या स्टुलावर बाबा बसत. आऊट निघाला की एक डोळा मिटून फिरत्या चाकाकडे बघत आणि दोन शब्द बोलत, "सरळ आहे." मग ते चाक गावात कुणी पुन्हा तपासत नसे. तर स्टूल, आणि ते दोन शब्द. शब्द तिच्याकडे तोंड करून बोललेले हवेत, एवढीच अट.

कारण ते शब्द तिच्या चाकांना आजवर शेकड्यांनी मिळाले होते. फक्त ते बोलताना बाबांचं तोंड धाकट्या भावाकडे असे.

याचं मूळ बाबांच्याच एका नियमात होतं. नवं बांधलेलं चाक तसंच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. आधी गावामागच्या चार चढांवरून फिरवून आणायचं, एकट्याने, आणि स्पोक आवळायची चावी दुकानात ठेवून. चढावर नव्या चाकाचे स्पोक ताणले जातात, कुरकुरतात, मग आपापल्या जागी बसतात. बसल्यावरही चाक सरळ राहिलं तर बांधणाऱ्याचा हात खरा. या नियमाला एक शेपूटही होतं: नेईल त्याचं चाक. जो चढावर नेतो त्यानेच ते बांधलं असं धरायचं, कारण शहाणा माणूस दुसऱ्याने बांधलेल्या चाकावर उतारात जीव टाकत नाही.

शहाण्या माणसाचं ठीक आहे, पण दुकानात धाकटा होता. थोरली मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून चाकं बांधी, आणि धाकटा ती चढावर नेई. जाताना केस विंचरून जाई, येताना घाम पुसत येई. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो निदान फणा तरी काढतो. हा नुसता शीळ घालायचा. गावात सगळे म्हणत, बापाचा हात पोरात उतरलाय.

गेल्या आठवड्यात जेवताना बाबा म्हणाले, "या मोसमापासून स्टूल सोडतो मी. धाकट्या, तू बस."

थोरलीचा घास हातातच राहिला. "आणि चाकं कोण बांधतं, बाबा?"

"ताई, बांधणं काय गं, कुणीही बांधतं," धाकटा ताटातून मान वर न करता म्हणाला. "चढावर कोण नेतं ते बोल."

बाबांनी ताटातला भात कालवायला घेतला. ते मूग गिळून बसले की घरात निकाल लागला असं समजायची पद्धत होती. थोरलीने ती पद्धत तिथेच मोडली. "दातांच्या डॉक्टरांच्या चाकांची जोडी मी बांधतेय. ती मीच नेणार. चारही चढ. चाक सरळ आलं तर स्टूल माझं."

"ने की," बाबा म्हणाले. होय म्हणायला नको म्हणून माणूस 'ने की' म्हणतो.

आता ती चढावर होती.

चढांना नावं बाबांनीच ठेवलेली, तरुण आणि ताज्या लग्नाचे असताना, निम्मी स्वतःच्या सासरची, निम्मी आईच्या. पहिला चढ मेव्हणी: हसत हसत वर घेते. दुसरा नणंद: आखूड, पण टोचून बोलणारी. तिसरा जाऊ, जिच्यात दर वळणावर वाटतं संपली, आणि पुढे आणखी असतेच. आणि चौथी सासू. सासूला वळण नाही, सावली नाही, विश्रांती नाही. ती समोर उभी राहते आणि काही बोलत नाही.

मेव्हणी थोरलीने रागातच संपवली. गेलं वर्षभर ती पहाटे याच रस्त्यावर सराव करत होती, घरी कुणाला न सांगता. पाय तयार होते. चाक सुरुवातीला टिणटिण करत बसत होतं, नव्या चाकाने करावं तसंच. तिने मनातल्या मनात भाषण जुळवायला घेतलं. 'तुम्ही सोळा वर्षं' इथपासून सुरुवात होती आणि शेवटी धाकट्याच्या केसांच्या भांगावर येऊन ते संपत होतं.

नणंदेच्या मध्यावर मागून आवाज आला. सुस् … सुस् … सुस्. ब्रेकचं रबर रिमला लागत होतं, दर फेऱ्याला एकदा. तिला वाटलं, भास आहे. सीटवरून उठून जोर लावला तर आवाजही जोरात आला. मागचं चाक डुलत होतं. तिचं चाक!

वर पोचून तिने ब्रेकची पकड सैल केली आणि जाऊवर शिरली. पहिल्या वळणाला स्वतःला शिव्या दिल्या, दुसऱ्याला रिम बनवणाऱ्याला, तिसऱ्याला रस्त्याला. मग रस्त्याची कीव आली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिने धाकट्यासाठी राखून ठेवली होती, स्वतःसाठी नव्हे. छाती भात्यासारखी चालली होती, घाम डोळ्यांत झोंबत होता, आणि खाली चाक एखाद्या दारुड्यासारखं डाव्या अंगाला झुकत, सावरत, पुन्हा झुकत होतं. सगळ्यात हलका गिअर तिने केव्हाच लावला होता. आता राग हाच एक गिअर उरला होता.

जाऊच्या माथ्यावर ती उतरली, सायकल उलटी केली आणि चाक न्याहाळलं. चाक बांधताना स्पोकच्या टोकाचा पितळी नट फिरवण्याआधी ती आट्यांना जवसाचं तेल लावी. तेल वाळलं की त्याची पिवळी साय धरते आणि नट आपोआप सैल होत नाही. एका बाजूच्या नटांवर ती साय अखंड होती. दुसऱ्या बाजूच्या नटांवर ती तडकली होती, एकामागून एक, ओळीने.

कुणीतरी काल चाकाला हात लावला होता. तेल वाळल्यावर ती बाजारात गेली होती तेव्हा. सकाळी रागाच्या भरात तिने चाक पुन्हा तपासलंही नव्हतं.

"धाकट्या!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की कुंपणावरची पाखरं उडाली. "मेल्या, चावी धरता येते का तुला, आणि …"

इथून खाली सपाट रस्त्याने घरी जाता येत होतं. पण अर्धवट फेरी म्हणजे चाक बांधलंच नाही, असाही नियमाचा एक धागा होता. आणि सरळ सांगायचं तर, अशा वेळी माणूस घरी जात नाही. सासूच चढतो.

सासूच्या पायथ्याशी पेट्रोलपंप होता. तिथे ती पाणी भरायला थांबली. पंपावरचा गडी मळक्या फडक्याला हात पुसत आला आणि तिच्या सायकलवरचा दुकानाचा बिल्ला बघून खूश झाला.

"आज धाकटे शेठ नाहीत?"

"तुम्ही ओळखता त्याला?"

"म्हणजे काय! दर खेपेला इथेच तर असतात. सपाट रस्त्याने येतात, त्या बाकावर बसतात, चहा पितात, मोबाईलवर मॅच बघतात. मग तोंडावर पाणी मारून परत."

"परत? या चढावर नाही जात?"

"या?" गडी सासूकडे बघून हसला. "ताई, यावर कोण जातं?"

तोंडावर पाणी मारून! म्हणजे घामसुद्धा त्याचा नव्हता. थोरलीने बाटलीचं झाकण इतकं आवळलं की पुढे तिलाच ते उघडेना.

सासूवर ती गेली ती शिव्यांच्या तालावर. उजव्या पायाला एक, डाव्याला एक. मांड्या पेटल्या होत्या, पाठीला कळ लागली होती, पुढचं चाक मधूनच उचललं जात होतं. मध्यावर सायकल जवळजवळ थांबली. तेव्हा तिला बाकावर मॅच बघणारा भाऊ दिसला आणि ती पुढे सरकली. माया माणसाला इतकं उंच नेत असेल की नाही, कोण जाणे. राग नेतो, हे तिने त्या दिवशी पाहिलं.

माथ्यावर ती रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली. श्वास जागेवर आल्यावर, काहीतरी हाताला चाळा म्हणून, तिने तडकलेल्या नटांवरून अंगठा फिरवला. आणि अंगठा थबकला.

नटांचे कोपरे चावल्यासारखे झाले होते. दुकानातल्या नव्या चाव्या नटावर घट्ट बसतात, त्या कोपरा खात नाहीत. कोपरा खाणारी चावी दुकानात एकच होती: जबडा झिजलेली, मूठ काळी पडलेली, ज्या चावीला बाबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

थोरलीने अंगठा मागे घेतला. धाकट्यासाठी जमवलेल्या सगळ्या शिव्या आता पत्ता चुकलेल्या पाकिटांसारख्या तिच्याजवळच पडून होत्या. बाबांनी? तिला पाडायला? ज्या माणसाने तिच्या हातात पहिला स्पोक दिला, त्याने?

उतारावर तिला एकच ब्रेक होता, पुढचा. मागचं चाक डुलत, थरथरत खाली येत होतं. ती घाबरली नाही. घाबरायला मनात जागा नव्हती.

दुकानात दातांचे डॉक्टर येऊन बसले होते. ते हौशी सायकलवाले. 'तुम्ही चाकं सरळ करता, मी दात, दोघांचा धंदा तारेवरचा' हा त्यांचा विनोद सगळ्यांना पाठ होता आणि तरी ते तो दरवेळी करत. बाबा स्टुलावर होते. धाकटा गल्ल्यामागे.

थोरली काही न बोलता आत आली, मागचं चाक काढलं, घोडीवर चढवलं आणि फिरवलं.

चाक डुललं. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं असतं इतकं डुललं.

"अगं बाई!" धाकटा फुटलाच. "ताई, हे चाक आहे का झुला? डॉक्टर, दोन तिकिटं काढा!"

डॉक्टर हसणार होते, पण थोरलीचा चेहरा बघून खोकले.

ती बाबांसमोर उभी राहिली. भाषण तयार होतं, आता नव्या पत्त्यावरचं. पण तिने त्यांना आधी बोलू दिलं. स्वतःच्या तोंडाने कबूल करू देत, मग बघते.

बाबांनी चाकाला पुन्हा गती दिली. नेहमीसारखा एक डोळा मिटला. मान थोडी पुढे नेली, आणखी पुढे, इतकी की नाक जवळजवळ रिमला लागलं. मग मागे टेकले, थोरलीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "सरळ आहे."

 चाक डुलत राहिलं.

"काल जरा डुलल्यासारखं वाटलं," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, पोरीची पहिली फेरी. म्हणून थोडा हात फिरवला. आता कसं, सरळ आहे."

थोरली सगळं भाषण विसरली. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला दिसतच नव्हतं. ती गर्रकन वळली. धाकटा हसायचा थांबला होता आणि गल्ल्याकडे बघत होता. त्याला बिलकूल आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"ताई, हळू …"

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष दीड वर्ष."

"दीड वर्ष! त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं सोडून तू मॅच बघत बसलास? त्यांना दिसलं असतं तर न बसलेल्या स्पोकवरून तुझी पंपावरची फेरी पकडली असती, म्हणून गप्प बसलास!"

"कसली पंपावरची फेरी?" बाबांनी विचारलं. धाकट्याने गल्ला उघडला आणि मिटला. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

आता थोरलीला फक्त मान हलवायची होती. बाबा सरळ म्हणाले होते, तिच्याकडे तोंड करून म्हणाले होते, आणि या दुकानात बाबांच्या शब्दावर अपील नव्हतं. हवं ते सगळं समोर वाढलेलं होतं.

"सरळ नाही, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो राग कुणावरचा हे तिलाही सांगता आलं नसतं. "उठा."

बाबा उठले. ती झिजलेली चावी त्यांच्या मुठीत होती. तिने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी ती थोडा वेळ धरून ठेवली आणि मग दिली. तिने ती खिशात टाकली, फळीवरची नवी चावी घेतली, चावलेले नट बदलले आणि आऊट काढला. तिला वेळ लागला. डॉक्टरांनी विनोद केला नाही.

"आता न्यायला हरकत नाही ना?" शेवटी ते म्हणाले.

"आहे. हे चाक आता पुन्हा बांधल्यासारखंच झालं. उद्या चढावर जाऊन येईल, मग न्या."

"मी नेतो," धाकटा घाईघाईने म्हणाला. "ताई, तू दमलीस."

"कुठवर? पंपापर्यंत?"

तर असा हिशेब झाला. डॉक्टरांचा एक दिवस गेला. धाकट्याचा गल्ला राहिला, शीळ गेली. थोरलीला स्टूल मिळालं. पण त्या दोन शब्दांची किंमत बाबांनी ते डुलत्या चाकाला बोलून एका दमात घालवली होती. दुसऱ्या दिवशी सासू उतरून ती परत आली, चाक घोडीवर फिरवलं, आणि ते सरळ होतं, केसभरही डुललं नाही. बाबा मागच्या खोलीत, तिच्या जुन्या जागी, भिंतीकडे तोंड करून बसले होते. आता सरळ आहे म्हणायचं ते तिनेच, आणि ऐकायचंही तिनेच.