डावखुऱ्या राखणदाराची खोली

थीम पार्कमधली दीपगृहाची खोली रंगारीणबाईंनी जीव ओतून सजवली होती. पोपडे धरलेल्या भिंती, गंजलेला कंदील, शीळ घालणारा खोटा वारा, कशात म्हणून कसर नव्हती. तरी लोक एका दाराने शिरायचे आणि दुसऱ्याने चालते व्हायचे.

मॅनेजरसाहेबांनी स्टॉपवॉच पुढे धरलं. "सरासरी चाळीस सेकंद, ताई. रविवारपर्यंत लोक रेंगाळले नाहीत, तर खोली पाडून घसरगुंडी बसवतो."

बाईंनी भिंतीच्या पोपड्यांवरून हात फिरवला. तीन महिने त्यांनी त्या भिंतींशी संसार केला होता.

त्यांचा दीर तिथलाच सुतार. दाराची बिजागरी कसता कसता तो हसायला लागला. "वहिनी, तुमचा हा दीपगृहाचा राखणदार डावखुरा होता का हो?"

बाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. वस्तू वापरून झिजलेल्या दिसाव्यात म्हणून टेबलाची कड, खुर्चीचा हात, सगळं त्यांनी घासलं होतं. पण स्वतः डावखुऱ्या, त्यामुळे झीज सगळी डावीकडेच.

"परत रंगवावं लागणार," त्या म्हणाल्या.

"कशाला? असेल बिचारा डावखुरा. एकटाच राहायचा का?"

बाईंनी ब्रश खाली ठेवला. खोलीत राहतं कोण, हे तीन महिन्यांत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सुट्टीत नात यायची त्याची," त्या हळूच म्हणाल्या.

मग दोघांना चेव चढला. दिराने मोठ्या खुंटीखाली एक बुटकी खुंटी ठोकली. बाईंनी खाटेखाली इवल्या चपला सरकवल्या, चौकटीवर पेन्सिलने नातीच्या उंचीच्या खुणा केल्या. सहा वर्षं, सात, आठ. पुढे 'नऊ' लिहिलं, पण रेघ ओढली नाही. पेन्सिल तिथेच दोरीला टांगली. माहितीचा फलक लावा म्हणून मॅनेजरसाहेब हटून बसले, पण बाईंनी दाद दिली नाही.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नात रुसली की आजारी पडली, यावरून दोन बहिणींची जुंपली होती. एवढ्यात एक मुलगी चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली, आणि तिच्या आईने 'नऊ'च्या पुढे रेघ ओढली.

बाई रेघ खोडायला पॉलिशपेपर घेऊन धावल्या. मॅनेजरसाहेबांनी त्यांना अडवलं. स्टॉपवॉच त्यांनी केव्हाच खिशात टाकलं होतं.

"घसरगुंडी फाटकापाशी बसवू," ते म्हणाले. "ती रेघ राहू द्या, ताई. उशिरा का होईना, आली ना ती."