मागचे आर्म आणि सासूबाईंची कंबर

गाडीचे मागचे कंट्रोल आर्म कुठले घ्यायचे, यावरून माझं आणि नवऱ्याचं आठवडाभर वाजत होतं. कंट्रोल आर्म म्हणजे चाकांना गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे दांडे. आमचे मूळचे पार खिळखिळे झालेत. वळण जोरात घेतलं की गाडीचं तोंड एकीकडे आणि बूड भलतीकडेच. नवे घ्यायचे तर दोन प्रकार. एकाच्या टोकांना रबराचे बुश, दुसऱ्याला पोलादी बॉलजॉइंट. रबर धक्के गिळतं, पण जरा लवतं. बॉलजॉइंट लवत नाही आणि गप्पही बसत नाही, रस्त्यावरचा खडान्‌खडा पाठीला कळवतो.

नवरा म्हणे रबर. का, तर आईला धक्के सोसणार नाहीत. मला बॉलजॉइंटच हवे होते, कारण उद्याची शर्यत मला जिंकायची होती. ही शर्यत जोडीची असते. गाडी एक, घरातलेच दोघं आळीपाळीने चालवणार, दोघांच्या वेळेची बेरीज. शर्यतीचं मैदान विकलं गेलंय, तिथे आता गोदामं होणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही! इतकी वर्षं नणंद माझ्या जोडीला होती, आणि दोनदा करंडक हातातोंडाशी येऊन गेला. मग तिची बदली झाली आणि माझ्या पदरात नवरा पडला.

नवरा गुणाचा आहे हो. पण मागच्या सीटवर दुधाचं उघडं पातेलं ठेवल्यासारखी गाडी हाकतो. मी आशाच सोडली होती. आणि अचानक एक दिवस पाहते तर मागचे टायर कडेकडेने चांगलेच झिजलेले! मी तर तेव्हा ऑफिसच्या बसने जात होते. म्हटलं, "अरे लबाडा, चोरून सराव करतोस होय?" तो नुसता गालात हसला. मी इतकी हरखले की जोडीला त्याचंच नाव नोंदवून टाकलं.

आज सकाळी सुट्या भागांच्या दुकानदाराने दोन्ही सेट हवाली केले. म्हणाला, "लावून बघा, पटतील ते ठेवा, पण भांडण माझ्या दुकानात नको." आधी रबरवाले लावायचे ठरले. नवऱ्याने गाडी जॅकवर चढवली, खाली सरकला आणि घाम गाळून बोल्ट आवळले. मी गल्लीत एक चक्कर मारली. अगं बाई! बूड वर उचललेलं, आणि बारीकशा खड्ड्यातही गाडी बेडकासारखी उड्या मारतेय.

"हे तुझं रबर!" मी उतरले तीच फणफणत. "शर्यतीला जायचंय, जत्रेतल्या पाळण्यात नाही!"

"तुला चालवता येत नाही त्याला रबर काय करणार?" हे कोण म्हणतंय, तर दुधाचं पातेलं!

सासूबाई गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडी हवेत असताना बोल्ट आवळलास ना रे? त्याने रबर पिळलेलं राहतं. चाकं जमिनीवर टेकवून आवळायचे असतात."

आम्ही दोघं एकदमच त्यांच्याकडे वळलो.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"खोक्यातल्या कागदावर लिहिलंय. तुम्ही भांडत होतात, मी वाचला." शेंग सोलता सोलता त्या पुढे म्हणाल्या, "नीट बसव बाबा. मग पंपापाशीच्या वळणावर बूड निसटायच्या आधी निदान कळेल तरी."

आता त्या वळणावर बूड निसटतं ते फक्त गाडी पळवणाऱ्याला कळतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"टायर मी नाही झिजवले," तो पुटपुटला. "पण तू पहिल्यांदाच माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक केलंस. तुझं मन मोडवेना."

"मी वाचनालयात जाते ना दुपारची," सासूबाई म्हणाल्या. "जरा लांबून जाते."

मी कपाळावर हात मारला, आणि पुढच्याच क्षणी असं हसू फुटलं की गाडीला टेकून उभी राहिले. नवऱ्याने मुकाट्याने बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळले. आम्ही तिघं तडक मैदानावर.

सासूबाईंनी चष्मा पुसला, पर्स माझ्या मांडीवर ठेवली, आरसा सारखा केला. पुढचं मला धड सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मी पर्सला घट्ट मिठी मारली होती आणि किंचाळत होते, आणि त्या प्रत्येक वळणाआधी हळूच "हं" म्हणत होत्या. थांबलो तेव्हा नवरा हातातल्या घड्याळाकडे बघत उभा होता.

"ताईपेक्षा कमी वेळ," तो म्हणाला. मग चोरट्या आवाजात, "तुझ्यापेक्षाही."

"आई, इतके दिवस बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मला तुम्ही विचारता, आई आवाज सहन होईल ना, आई धक्के लागणार नाहीत ना." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "चालवणार का, असं कोणी विचारलंच नाही."

 खरंच, मी तरी कधी विचारलं होतं?

"आई, नाव बदलायला संध्याकाळपर्यंत मुभा आहे. उद्या माझ्या जोडीला धावाल?"

त्या लाजल्या, चक्क लाजल्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, "धावेन की. पण ते दुसरे आर्म लावा. रबर जरा मऊच वाटलं मला."

"आई, अगं तुझी कंबर!" नवरा कळवळला.

"कंबर घरी बसून दुखते," त्या म्हणाल्या. "तू जॅक आण."