हॅनाचा अंगठा

मी एक जुनी चहादाणी आहे. चांदीसारखी चमकते, पण मित्रांनो, खोटं कशाला सांगू, माझं अंग साध्या धातूचं आहे. वर चांदीचा पातळ मुलामा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात शेफील्डच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, आणि जन्मापासूनच माझ्या पोटाखाली एक डाग आहे.

मुलाम्याआधी आम्हाला घासून, धुऊन, तारेला टांगून चांदीच्या पाण्यात सोडत. धुतल्यावर उघड्या हातानं शिवायचं नाही, हा तिथला सक्त नियम. बोटाचा तेलकटपणा राहिला की तिथं चांदी धरत नाही. धुण्याच्या कामावरच्या हॅनाला हे पाठ होतं. पण त्या दिवशी तार सुटली आणि मी फरशीवर आपटणार, तोच तिनं मला झेललं. मला पुन्हा धुवायला हवं होतं. समोरून मुकादम येताना दिसला, आणि घाबरून तिनं मला तसंच टांगलं.

मी बाहेर आले ती अंगठ्याएवढी कोरी जागा घेऊन.

"कुणाचं बोट हे?" मुकादम थॉर्प गरजला. "ज्याचं असेल त्यानं आत्ता घरी जायचं. उद्या तोंड दाखवायचं नाही!"

हॅनाचे वडील अंथरुणाला खिळलेले. घर तिच्या एकटीच्या हातांवर चालत होतं. ते हात तिनं एप्रनखाली लपवले.

"माझं, साहेब," चांदीच्या टाकीपाशी उभा असलेला म्हातारा एनॉक म्हणाला.

थॉर्पनं त्याच्या फावड्यासारख्या पंजाकडे पाहिलं. "तुझा अंगठा एवढासा कधी झाला रे?"

"चाळीस वर्षं पाण्यात आहे, साहेब. आकसणारच की!"

बायका फिस्सकन हसल्या. टाकीचं पाणी एनॉकइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्याला घालवणं परवडणारं नव्हतं. थॉर्पच्या मिशाही हलल्या. "घेऊन जा ही अवलक्षणी तुझ्या घरी!"

हॅनाच्या लग्नात एनॉकनं मला तिच्या हातात ठेवलं. "घे पोरी. तुझीच सही आहे हिच्यावर."

मग किती बारशांचा, किती पाहुण्यांचा चहा मी ओतला! ती सगळी ऊब अजून पोटात आहे. पुढे फुलांच्या चिनीमातीच्या चहादाण्या आल्या आणि मी कपाटात काळी पडत गेले. रुसले नाही. मला झेलणारं कुणीतरी होतं, एवढं आठवायला पुरेसं होतं.

एके दिवशी हॅनाच्या पणतीनं, छोट्या विनीनं, मला बाहेर काढलं आणि राखेनं खसाखसा घासायला घेतलं.

"आई, हा डाग जातच नाही गं!"

"थांब, भवाने!" तिची आई आयव्ही धावत आली. "डाग नाही तो. तुझी पणजी आहे ती!"

गोष्ट ऐकून विनीनं आपला अंगठा हळूच त्या जागेवर टेकवला. भोवती थोडी जागा उरली.

"वाढशील अजून," आयव्ही म्हणाली, आणि तिनं चहाचं पाणी ठेवलं.

मित्रांनो, घरातली जुनी भांडी मऊ फडक्यानं, हलक्या हातानं पुसा. आणि एखादा डाग निघालाच नाही, तर आधी घरच्यांना विचारा, तो कुणाचा आहे.